थीमचं शब्दकोडं गुरुवारीच का अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक गृहस्थ न्यूयॉर्क टाइम्सचं रोजचं शब्दकोडं ॲपवर सोडवतात. सोमवार-मंगळवार छान सुटतात, बुधवारी दमछाक होते आणि गुरुवारचं कोडं अर्ध्यात सोडून द्यावं लागतं. त्यांच्याच शब्दांत: "लांब शब्दांचे क्लू कळतच नाहीत. उत्तर बघितलं तरी ते डिक्शनरीत सापडत नाही. माझं इंग्रजी कमी पडतंय का? आणि अडल्यावर गुगल करणं म्हणजे चीटिंग का?"

इंग्रजीचं आधी सांगून टाकते. ते कमी पडत असतं तर सोमवारही सुटला नसता. तुमची अडचण वेगळी आहे आणि ती सोमवारीच सुरू होते, फक्त दिसते गुरुवारी. सोमवारचं कोडं थीम, म्हणजे लांब उत्तरांना जोडणारं समान सूत्र, न कळताही पूर्ण होतं. क्लू सरळ असतात, आडवं-उभं जुळत जातं, शेवटचं घर भरलं की ॲप टाळ्या वाजवतं आणि आपण पुढच्या कामाला लागतो. त्या कोड्यातल्या चार लांब उत्तरांमध्ये काय नातं होतं, हे बघायची गरजच पडली नाही. मग ज्या दिवशी ते नातं कळल्याशिवाय पानही हलत नाही, त्या दिवशी हाताशी सरावच नसतो.

मी ही कोडी बरीच वर्षं सोडवते आहे, हौसेपुरती रचतेही. रचायला लागल्यावर थीमकडे बघण्याची नजर बदलली, म्हणून उत्तर त्या बाजूने देते.

त्याआधी एक अट. खालचं सगळं अमेरिकी पद्धतीच्या कोड्याला लागू आहे. तुम्ही 'द हिंदू'चं किंवा लंडनच्या 'गार्डियन'चं क्रिप्टिक कोडं सोडवत असाल तर तिथला मामला निराळा. तिथे प्रत्येक क्लूच एक कूट असतो आणि थीम असलीच तर ती उत्तरांच्या आत गुपचूप दडलेली असते. गार्डियनसाठी 'अरौकारिया' या टोपणनावाने कोडी रचणारे जॉन ग्रॅहम यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कॅन्सर झाल्याचं जानेवारी २०१३ मध्ये एका कोड्यातूनच वाचकांना कळवलं होतं. तेव्हा थीम म्हणजे काय काय असू शकतं याला अंत नाही. पण तुमचा प्रश्न टाइम्सचा आहे, आणि तिथे थीमला ठरावीक चाली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे आठवड्याची चढण. सोमवार सगळ्यात सोपा, शनिवार सगळ्यात अवघड. सोमवार ते गुरुवार थीम असते, शुक्रवार-शनिवारी नसते. रविवारी मोठं, २१ बाय २१ चं कोडं असतं, त्याला थीम असते आणि वर शीर्षकही असतं. अवघडपणाने ते बुधवार-गुरुवारच्या आसपासचं, फक्त लांबलचक. गुरुवारच्या कोड्यात क्लूंपेक्षा थीमचा डाव अवघड असतो. म्हणूनच 'गुरुवार अडतो पण शुक्रवार सुटतो' असे लोक मला भेटतात, आणि त्यात विचित्र काहीच नाही.

दुसरी गोष्ट जाळ्याची. रोजचं कोडं १५ बाय १५. काळी घरं अशी मांडलेली असतात की अख्खं जाळं अर्धा फेरा फिरवून उलटं धरलं तरी नक्षी तीच राहते. दोन अक्षरी शब्द चालत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक घर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत मोजलं जातं. हे नियम मार्गारेट फॅरर यांच्या हाताखाली रुळले. टाइम्सने १९४२ मध्ये रविवारचं कोडं सुरू केलं तेव्हा त्याच पहिल्या संपादक होत्या. रोजचं कोडं १९५० मध्ये आलं.

मराठी दैनिकांतली कोडी सोडवून इकडे आलेल्या माणसाचा घोळ नेमका इथे होतो. आपल्या कोड्यात एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ते आडव्या आणि उभ्या शब्दाला एकदम जुळवणं रचणाऱ्यालाही कठीण, त्यामुळे बहुतेक मराठी कोड्यांत कितीतरी घरं एकाच शब्दाची असतात. क्लू आला नाही तर ते घर रिकामंच राहणार. म्हणून आपल्याला सवय लागते ती प्रत्येक क्लू म्हणजे स्वतंत्र प्रश्न समजायची. येतो किंवा येत नाही, विषय संपला. अमेरिकी कोड्यात तसं नाही. एखादा शब्द तुम्हाला जन्मात ऐकून माहीत नसला तरी त्याचं प्रत्येक अक्षर दुसऱ्या बाजूने मिळू शकतं. आणि थीम ही या आडव्या-उभ्याच्या जोडीला मिळालेली तिसरी बाजू आहे. सजावट म्हणून ती ठेवलेली नसते, तिच्यातून अक्षरं काढायची असतात.

आता रचणाऱ्याच्या बाजूने बघा. मी कोडं रचायला बसते तेव्हा पहिल्यांदा थीमची उत्तरं ठरवते. त्यांची लांबी जोडीजोडीने सारखी लागते, कारण जाळं उलटसुलट सारखं हवं. वरून तिसऱ्या ओळीत दहा अक्षरी उत्तर ठेवलं तर खालून तिसऱ्या ओळीतही दहा अक्षरीच. ती बसली की त्यांच्याभोवती काळी घरं, मग उरलेले शब्द आणि सगळ्यात शेवटी क्लू. सोडवणारा नेमका उलट्या टोकाने येतो. तो आधी क्लू वाचतो, लहान शब्द भरतो आणि थीमपाशी सगळ्यात शेवटी पोचतो, पोचलाच तर. तुम्ही हा क्रम थोडा मोडायचा आहे. कोडं उघडलं की पहिल्यांदा जाळ्याकडे बघा, क्लूंकडे नंतर. लांब आडवे शब्द कुठे आहेत? त्यांच्या समोरासमोरच्या जोड्या लागतात का? काही घरांत गोल काढलेत का, काही घरं करड्या रंगाची आहेत का? क्लूंपुढे तारका आहेत का? आणि एखादा क्लू असा आहे का, जो इतर क्लूंचे आकडे सांगून 'यांच्यात काय सारखं आहे ते बघा' असं सुचवतो? त्या शेवटच्या प्रकाराला रिव्हीलर म्हणतात. तो बहुतेकदा खालच्या भागात असतो, कधी अगदी मधल्या ओळीत. तो सापडला की थेट त्याच्या आसपासचे उभे शब्द भरायला घ्या. क्लू क्रमाने सोडवण्याची शपथ कुणी घातलेली नाही.

नमुन्यादाखल एक साधी थीम बनवून दाखवते. समजा तिसऱ्या ओळीत दहा अक्षरी उत्तर आलं 'स्प्रिंग रोल'. सहाव्या ओळीत नऊ अक्षरी, कॉलेजच्या सुट्टीतली कमाई, 'समर जॉब'. आता दहाव्या ओळीत पुन्हा नऊ अक्षरं आहेत आणि क्लू म्हणतो 'मोडकळीला येणं'. थीमकडे न बघता सोडवणारा इथे 'ब्रेक डाउन' लिहील. नऊ अक्षरं बरोबर बसतात, अर्थही चोख लागतो. मग पुढची दहा मिनिटं त्या कोपऱ्यातले उभे शब्द त्याच्याशी भांडत राहतील आणि त्याला वाटेल की ते उभे शब्दच आपल्याला येत नाहीत. थीमकडे बघणारा मात्र थांबतो. वर स्प्रिंग, मग समर, म्हणजे इथे तिसरा ऋतू हवा. पेपर अमेरिकी, म्हणून आधी 'ऑटम'चा विचार न करता 'फॉल'चा करायचा. 'फॉल अपार्ट', नऊ अक्षरं. आणि तेराव्या ओळीतल्या दहा घरांपैकी पहिली सहा एकही क्लू न वाचता 'विंटर'ने भरता येतात. क्लू 'पार्का, उदाहरणार्थ' असा निघाला तर 'विंटर कोट' झालाच. मधल्या आठव्या ओळीत तेरा अक्षरी रिव्हीलर असेल 'सीझन ओपनर्स'. एरवी त्याचा अर्थ स्पर्धेच्या हंगामातले पहिले सामने, इथे शब्दसमूहांच्या सुरुवातीला आलेले ऋतू.

यातली खरी कमाई कोणती ते लक्षात घ्या. थीम ओळखल्याचा आनंद वगैरे ठीकच, पण 'ब्रेक डाउन' की 'फॉल अपार्ट' हा निकाल क्लू देऊ शकत नव्हता. तो थीमने दिला. म्हणून दोन लांब उत्तरं मिळाली की तिथेच थांबून तिसऱ्याचा अंदाज करायचा, ही सवय सोमवारीच लावून घ्या, गरज नसताना. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, ॲपमध्ये पेन्सिलची सोय त्यासाठीच आहे.

'उत्तर डिक्शनरीत सापडत नाही' या तक्रारीचं मूळ बुधवारात आहे. बुधवारच्या थीममध्ये बऱ्याचदा ओळखीच्या शब्दसमूहाची थोडी मोडतोड करतात. एखादं अक्षर घालतात, काढतात, अदलाबदल करतात, आणि मोडतोडीनंतर जे हाती लागतं त्याचा विनोदी क्लू देतात. असा क्लू बहुधा प्रश्नचिन्हाने संपतो. समजा क्लू आहे, 'बासमतीच्या पोत्यावरची चिठ्ठी?' उत्तर 'राइस टॅग'. असली वस्तू जगात कुणी या नावाने मागत नाही आणि डिक्शनरीतही ती असणार नाही. पण 'प्राइस टॅग' असतो. पुढचा क्लू, 'रस्त्यावरची पट्टी तोडल्याचा दंड?' उत्तर 'लेन टिकेट', म्हणजे 'प्लेन टिकेट'चं पहिलं अक्षर उडवलेलं. आता नियम कळला, सुरुवातीचा पी गायब. यापुढे क्लूवरून थेट उत्तर शोधत बसू नका. पी ने सुरू होणारे ओळखीचे जोडशब्द आठवा, पी काढल्यावर काय उरतं ते बघा आणि मग क्लूशी ताडून पाहा.

यावरून एक कसोटी हाती येते. लांब उत्तर अर्धं भरलंय आणि वाचायला विचित्र दिसतंय, तर लगेच खोडू नका. आजूबाजूचे उभे शब्द पक्के असतील तर तो विचित्रपणा हीच थीम असते. रचणाऱ्याची लबाडीही इथेच पकडता येते. थीमची उत्तरं आधीच रोवलेली असल्यामुळे त्यांच्या लगतचे छोटे शब्द बसवताना त्याचे हात बांधलेले असतात. मग तिथे संक्षेप, रोमन आकडे, पाचवीला पुजलेलं 'ओरिओ' बिस्किट, तलवारबाजीतला 'एपे' असले शब्द येतात. क्लूमध्ये संक्षेप असेल तर उत्तरही संक्षेप, क्लू अनेकवचनी तर उत्तर अनेकवचनी, क्लू भूतकाळी तर उत्तर भूतकाळी, हा शिरस्ता इथे फार उपयोगी पडतो.

आता गुरुवार. गुरुवारी सर्रास भेटणारा डाव म्हणजे रीबस, अर्थात एकाच घरात अनेक अक्षरं. तुम्हाला उत्तर अगदी पक्कं माहीत असतं आणि ते बसत नाही. क्लू आहे 'कुटुंबाची गोव्याची सहल, उदाहरणार्थ', उत्तर 'व्हेकेशन' यात शंका नाही, आठ अक्षरं, आणि घरं सहा. त्याला छेदणारा उभा क्लू आहे 'शिकवणं', उत्तर 'एज्युकेट' असावं, सात अक्षरं, घरं पाच. दोन्हीकडे दोन घरं कमी. म्हणजे एका घरात तीन अक्षरं कोंबली आहेत. दोन्ही शब्दांत सारखी, सलग तीन अक्षरं कोणती? सी, ए, टी. मांजर! घरात मांजर बसवलं की दोन्ही शब्द पुरे होतात. हिशेब नेहमी हाच असतो: जितकी घरं कमी पडतात त्यात एक मिळवा, तितकी अक्षरं एका घरात. (एका उत्तरात असं एकच घर असेल तर.) मग जाळ्यात इतरत्रही मांजरं शोधायची, बहुधा तीन-चार तरी असतात.

मला स्वतःला वाटतं की रीबस मराठी माणसाला इतरांपेक्षा लवकर पचायला हवा. 'लक्ष्मी' आपण दोन घरांत लिहितो आणि दुसऱ्या घरात 'क्ष्मी' एवढं सगळं बसवतो, तेव्हा कुणाला काही वाटत नाही. फरक इतकाच की तिथे ते रोजचं आहे आणि इथे ते मुद्दाम लपवलेलं असतं. ॲपमध्ये अशा घरासाठी 'रीबस' नावाचं वेगळं बटण आहे. ते कुठे आहे हे आज शोधून ठेवा, गुरुवारी घाईत सापडत नाही. अनेकदा नुसतं पहिलं अक्षर टाकलं तरी चालून जातं.

रीबस नसेल तर उत्तर मध्येच वळून खाली गेलेलं असेल, उलटं लिहिलं असेल, काळ्या घरावरून उडी मारून पुढे गेलं असेल किंवा जाळ्याबाहेर सांडलं असेल. सगळे प्रकार पाठ करण्यात अर्थ नाही, रोज कुणीतरी नवा काढतोच. खूण मात्र एकच: 'उत्तर पक्कं आहे, पण बसत नाही' असं जाळ्यात दोन वेगवेगळ्या ठिकाणी झालं की स्वतःवर शंका घेणं थांबवा आणि जाळ्यावर शंका घ्या. एकदा झालं तर चूक तुमची असू शकते. दोनदा झालं तर बहुधा तो डाव आहे.

रचणारा किती पुढे जाऊ शकतो याचा नमुना म्हणजे ५ नोव्हेंबर १९९६ चं कोडं. त्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. रचणारे जेरेमाया फॅरेल, संपादक विल शॉर्ट्झ (ते १९९३ पासून या पदावर). मधला क्लू होता, उद्याच्या पेपरातली मुख्य बातमी. उत्तर सात अक्षरी 'क्लिंटन', आणि पुढे 'इलेक्टेड'. काही वाचक चिडले, पेपरने निकाल आधीच कसा जाहीर केला म्हणून. पण त्याच सात घरांत क्लिंटनचा प्रतिस्पर्धी 'बॉब डोल'ही तितकाच बसत होता, कारण उभे क्लू दोन्हीकडून जमवलेले होते. हॅलोविनमधला काळा प्राणी 'कॅट' घेतला तर सी मिळून क्लिंटन, 'बॅट' म्हणजे वटवाघूळ घेतलं तर बी मिळून बॉब डोल. फ्रेंचच्या पहिल्या धड्यातला शब्द 'लुई' किंवा 'वी', तिथे एल किंवा ओ. सातही घरांत हीच कसरत. थीम आधी आणि क्लू शेवटी म्हणतात ते असं.

राहिला गुगलचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे आणि पटलं नाही तर सोडून द्या. बेसबॉलपटू, साठच्या दशकातल्या टीव्ही मालिकेतली शेजारीण, ओहायोतलं गाव, असलं काही खुशाल शोधा. ही माहिती पुण्यात वाढलेल्या माणसाला असावी अशी अपेक्षाच चुकीची आहे, आणि ती सोडवण्याच्या कौशल्याचा भागही नाही. अशी दोन अनोळखी नावं एकमेकांना छेदतात तेव्हा तर खुद्द अमेरिकी लोकही हात टेकतात. त्या छेदाला तिथे 'नॅटिक' म्हणतात. मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक गावाचा एन आणि चित्रकार एन. सी. वायथ यांच्या आद्याक्षरांतला एन एकाच घरात आले होते, तेव्हापासूनचं हे नाव. उलट आपल्याला फुकटात मिळणारे शब्दही असतात. नान, राग, साडी, राणी, आग्रा, घी (म्हणजे तूप), रोटी. फक्त स्पेलिंग जपा. 'राणी' चार अक्षरांतही लिहितात आणि दोन ई लावून पाचांतही, साडीचं तसंच.

थीमची उत्तरं मात्र शोधू नका. तीही सापडली नाहीत तर कोडं तसंच ठेवून संध्याकाळी पुन्हा उघडा. सकाळी ज्या क्लूकडे एकाच अर्थाने बघत होतो त्याचा दुसरा अर्थ बऱ्याचदा तेव्हा दिसतो. तरीही नाहीच जमलं तर टाइम्सचा 'वर्डप्ले' हा रोजचा स्तंभ वाचा, त्यात त्या दिवसाची थीम उलगडून सांगितलेली असते. पण तो वाचायचा तर असा वाचा: थीमचा नियम कळेपर्यंतच, उत्तरांची यादी बघायच्या आत बंद. मग परत येऊन उरलेली लांब उत्तरं नियमावरून स्वतः काढा.

एक व्यवहाराची गोष्ट, भारतातून सोडवणाऱ्यांसाठी. रविवार आणि सोमवारची कोडी वगळता पुढच्या दिवसाचं कोडं न्यूयॉर्कच्या रात्री दहाला ॲपवर येतं, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसात, त्यांच्या हिवाळ्यात साडेआठ. गुरुवारचं कोडं तुम्हाला ऑफिसला निघायच्या तोंडावर मिळतं आणि मला वाटतं तुम्ही ते बसमध्ये घाईघाईत सुरू करता. तेव्हा फक्त जाळं बघा, लांब जोड्या हेरा, रिव्हीलर शोधा. भरायला रात्री बसा.